जुन्या पॉवर टिलरचं ऑइल सील: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान भातखाचरात आणि बागेत चालणाऱ्या जुन्या पॉवर टिलरसाठी आणि वीडरसाठी (तण काढायच्या लहान मशीनसाठी) आहे. ऑइल सील म्हणजे फिरत्या शाफ्टभोवती बसून आतलं ऑइल अडवणारी रबरी रिंग. भर रोटरीच्या (माती फिरवणाऱ्या पात्यांच्या) आणि चाकाच्या शाफ्टवरच्या सीलवर आहे, कारण निम्म्याहून जास्त तक्रारी तिथल्याच असतात. इंजिनाच्या सीलबद्दल शेवटाकडे थोडक्यात लिहिलं आहे.

टिलरला सील कुठे कुठे असतात, आणि आधी कुठलं जातं?

रोटरीच्या शाफ्टला डावीकडे-उजवीकडे, चाकांच्या दोन्ही एक्सलला, गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या क्लचच्या शाफ्टला, गिअर बदलायच्या दांड्यांना आणि इंजिनाच्या क्रँकला दोन्ही टोकांना. आधी जातं ते रोटरीचं.

यात फिरण्याच्या वेगाचा फारसा दोष नाही. ३५ मिलिमीटरचा रोटरी शाफ्ट मिनिटाला २५० फेरे फिरला, तर सीलच्या लिपखालून (लिप म्हणजे रबराचा तो धारदार ओठ) धातू सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर सरकतो. २५ मिलिमीटरचा क्रँकशाफ्ट ३६०० फेऱ्यांवर असेल, तर तिथे हाच वेग पावणेपाच मीटर होतो, आणि तरी क्रँकचं सील वर्षानुवर्षं टिकतं. फरक एवढाच, की क्रँक चिखलात बुडत नाही. रोटरीचं सील जातं ते वाळूने, धाग्याने आणि बेअरिंगच्या ढिलाईने.

सीलच गळतंय हे नक्की कसं ओळखायचं?

ऑइल नेहमी खाली ओघळतं आणि वाऱ्याने मागे पसरतं. त्यामुळे वरच्या झाकणाचं पॅकिंग गळत असलं, तरी ओल सीलजवळच दिसते. ड्रेन बोल्टचा तांब्याचा वॉशर दबलेला असला, तरी तसंच होतं. सील काढायच्या आधी हे दोन्ही बघा.

पद्धत सोपी आहे. तो भाग डिझेल किंवा रॉकेलने ब्रश मारून धुवा, कापडाने पुसा, पूर्ण कोरडा होऊ द्या. मग त्यावर टाल्कम पावडर किंवा खडूची भुकटी फुंकरून बसवा. मशीन रिकामं दहा-पंधरा मिनिटं चालवून बंद करा आणि बॅटरी घेऊन जवळून बघा. पांढऱ्या पावडरीत पहिला काळा ठिपका जिथे उमटतो, गळती तिथली. ठिपका शाफ्ट आणि लिपच्या मधून आला तर लिप गेली किंवा शाफ्ट झिजला. सीलच्या बाहेरच्या कडेने, म्हणजे सील आणि हाऊसिंगच्या मधून आला, तर लिप शाबूत असू शकते. तिथे सील वाकडं बसलंय किंवा भोकच मोठं झालंय. या दोन गळत्यांचे इलाज वेगळे आहेत, म्हणून ही पंधरा मिनिटं चुकवू नका.

गिअरबॉक्सचं ऑइल दुधाळ चहासारखं झालंय. बाहेर तर एक थेंब गळत नाही, मग पाणी आत कसं गेलं?

चालून चालून गिअरबॉक्स तापतो आणि आतली हवा फुगते. ब्रीदर (हवा आत-बाहेर जायचं बारीक भोक) मोकळा असेल तर ती निघून जाते. ब्रीदर मातीने बुजलेला असेल तर ती लिपखालून वाट काढते. मग तापलेला गिअरबॉक्स खाचरातल्या गार पाण्यात उभा राहिला, की आतली हवा आक्रसते आणि पोकळी तयार होते. ८० अंशांवरून ३० अंशांवर येताना हा फरक जवळपास दीड मीटर पाण्याच्या स्तंभाइतका असू शकतो. ऑइल सीलची मुख्य लिप आतलं ऑइल अडवण्यासाठी घडवलेली असते, बाहेरचं पाणी आत ओढलं गेलं तर ती फारसा विरोध करत नाही. म्हणून बाहेर थेंब नसतानाही आत पाणी भरतं.

तेव्हा दुधाळ ऑइल दिसलं की पहिलं काम ब्रीदरचं. तो बहुतेक मशीनवर वरच्या झाकणात किंवा ऑइल भरायच्या बुचातच असतो: बारीक भोक, कधी त्यावर छोटी टोपी. खोलून डिझेलमध्ये धुवा आणि तोंडाने फुंकून बघा, हवा सहज जायला हवी. काही ठिकाणी हरवलेल्या बुचाऐवजी साधा बोल्ट ठोकलेला सापडतो. तसं असेल तर सील कितीही वेळा बदला, पाणी येतच राहणार.

पाणी मिसळलेलं ऑइल सगळं काढा. थोडं डिझेल घालून चाकं आणि रोटरी हाताने फिरवा (इंजिन चालवू नका), तेही काढा, तासभर निथळू द्या आणि मग नवीन भरा. पाच-सहा तास काम झाल्यावर लेव्हल बोल्ट (ऑइलची पातळी बघायचा बोल्ट) उघडून रंग बघा. पुन्हा फिकट झालं असेल तर तेही बदला. दुधाळ ऑइलवर हंगाम काढला तर त्याची किंमत बेअरिंग मोजतात, आणि मग खर्च कित्येक पट होतो.

थोडा पाझर आहे. चालवून घेऊ का?

सीलच्या भोवती धूळ चिकटून काळं कडं दिसतंय, पण थेंब पडत नाही, अशा जुन्या मशीनला हात लावू नका. लिपखाली ऑइलचा अतिशय पातळ थर असावाच लागतो, नाहीतर ती जळते. रात्रभर उभ्या मशीनखाली वाटीच्या तळाएवढा डाग पडत असेल, तर दर आठवड्याला लेव्हल बघत हंगाम काढता येईल. पण चिखलणीचं मशीन असेल तर हा हिशोब लागू नाही. जिथून ऑइल बाहेर येतं तिथूनच गढूळ पाणी आत जातं.

नवीन सील टाकलं आणि दुसऱ्याच दिवशी गळायला लागलं. सील डुप्लिकेट होतं का?

असू शकतं, पण बहुतेक वेळा नसतं. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

पहिला संशय बेअरिंगवर घ्या. रोटरीच्या हबखाली (शाफ्टवर बसणाऱ्या, पाती धरणाऱ्या भागाखाली) लहान पहार घालून शाफ्ट वर उचलून बघा. हाताला ‘टक्’ असं जाणवलं, की बेअरिंग गेलं. शाफ्ट मधोमध न फिरता भोवऱ्यासारखा डुलतो, लिप एका बाजूला दाबली जाते आणि दुसऱ्या बाजूला फट पडते. लिपला शाफ्टवर दाबून धरणारी स्प्रिंग कितीही चांगली असली तरी ती एवढ्या वेगाने मागे येऊ शकत नाही. डायल गेज असेल तर मोजा: लिपजवळ ०.२ मिलिमीटरच्या वर डुलणारा शाफ्ट कुठल्याच सीलला टिकू देत नाही. अशा वेळी आधी बेअरिंग, मग सील. ते बदलताना एक काळजी घ्या. आत उघडं बेअरिंग असेल तर उघडंच टाका. दोन्हीकडून रबरी झाकणाचं टाकलं तर गिअरबॉक्सचं ऑइल त्याच्यापर्यंत पोचत नाही.

दुसरा संशय शाफ्टवर. वर्षानुवर्षं एकाच जागी घासून लिपखाली एक चकचकीत चर पडते. रबर पोलादाला कसं खातं, असं अनेकांना वाटतं. खाते ती लिपमध्ये रुतलेली वाळू. नवीन लिप त्याच चरीत बसते, पण चरीच्या तळाला शाफ्टचा व्यास कमी झालेला असतो आणि कडा धारदार असतात. शाफ्टवर नख आडवं फिरवा. अडलं तर इलाज करावाच लागेल (तो खाली वेगळा दिला आहे).

तिसरा, सील बसवतानाची चूक. शाफ्टवरचे स्प्लाइन (लांबीने कोरलेले दाते), चावीचा गाळा, लॉकची (अडकवायच्या रिंगची) खाच यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. त्यांच्यावरून सील नुसतं ढकललं की लिपला केसाएवढी चीर पडते, ती डोळ्याला दिसतही नाही. किंवा ठोकताना स्प्रिंग तिच्या खोबणीतून निसटते. काढलेलं सील हातात घेऊन बघा, स्प्रिंग जागेवर नसेल तर ती आत पडली आहे. ती शोधून काढल्याशिवाय गिअरबॉक्स बंद करू नका.

चौथा, कोरडं सील. लिपला ऑइल न लावता बसवलं तर पहिल्या दोन-चार मिनिटांतच तिची धार करपते. नंतर कितीही ऑइल आलं तरी ती धार परत येत नाही.

आणि पाचवा, जास्त भरलेलं ऑइल. ‘थोडं जास्तच घालू’ ही सवय इथे नडते. लेव्हल बोल्टच्या भोकाशी ऑइल आलं की थांबा, आणि त्या वेळी मशीन सपाट जमिनीवर, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या स्थितीत हवं. हँडल उचलून किंवा उतारावर उभं करून मोजलेली लेव्हल खोटी असते.

नवीन सील आणताना माप कसं सांगायचं?

सीलच्या तोंडावर तीन आकडे असतात. ‘३५ ५२ १०’ याचा अर्थ शाफ्ट ३५ मिलिमीटर, हाऊसिंगचं भोक ५२ आणि जाडी १०. त्याआधी ‘टीसी’ असेल तर बाहेरून रबर मढवलेलं आणि दोन लिपचं, म्हणजे आत स्प्रिंगवाली मुख्य लिप आणि बाहेर धुळीसाठी छोटी लिप. ‘एससी’ म्हणजे तसंच, पण एकाच लिपचं. ‘टीबी’ म्हणजे बाहेरची कड उघड्या पत्र्याची, लिप दोन. सगळ्या कंपन्या हीच अक्षरं वापरत नाहीत, तेव्हा अक्षरांपेक्षा वस्तू डोळ्यांनी बघा.

आकडे पुसले गेले असतील तर जुनं सील मोजू नका. त्याची लिप ताणलेली असते, कड काढताना वाकलेली असते. शाफ्ट मोजा, तोही झिजलेल्या चरीच्या बाजूला, आणि हाऊसिंगचं भोक मोजा. भोकाचं माप दोन दिशांनी घ्या, म्हणजे ते लंबगोल झालंय का ते कळेल. नव्या सीलच्या लिपचं भोक शाफ्टपेक्षा लहान दिसेल, ते तसंच हवं. त्या ताणावरच ती धरून राहते.

आपल्याकडचे जुने टिलर बहुतांशी जपानी घडणीवरचे. व्हीएसटी कंपनीचे मित्सुबिशीच्या सहकार्यातून आले, केरळच्या कॅम्को कंपनीचे कुबोटाच्या. त्यामुळे मापं मिलिमीटरमध्ये आहेत आणि सील कंपनीच्याच डब्यातलं हवं असा आग्रह नको. बेअरिंगच्या दुकानात माप सांगितलं की चांगल्या कंपनीचं तेच सील मिळतं. जाडीत मात्र तडजोड करता येते: १० ऐवजी ७ किंवा ८ चालतं, कधी कधी ते फायद्याचंही ठरतं. व्यासात तडजोड नाही.

साधं रबर घ्यावं की व्हिटॉन?

रोटरी आणि चाकांसाठी साधं नायट्राइल रबर, ज्याला एनबीआर म्हणतात. ते १०० अंशांपर्यंत निभावतं आणि रोटरीचा शाफ्ट तिथवर जात नाही. व्हिटॉन २०० अंशांपर्यंत टिकतं, पण त्याची किंमत जास्त आणि चिखलाच्या घासापुढे त्याचा काही विशेष फायदा नाही. इंजिनाच्या क्रँकला, विशेषतः एअरकूल्ड इंजिनाला, व्हिटॉनवर पैसे घालणं समजू शकतं. रोटरीसाठी तेच पैसे दोन लिपच्या चांगल्या सीलवर घाला.

जुनं सील काढताना शाफ्टला ओरखडे न पाडता कसं काढायचं?

मशीन लाकडी ठोकळ्यांवर पक्कं टेका आणि इंधनाचा कॉक बंद करा. पेट्रोल मशीन असेल तर प्लगची कॅप काढा. ऑइल कोमट असताना काढा, म्हणजे गाळही येतो. पाती काढण्याआधी डावी-उजवी अशी खडूने खूण करा. पात्यांची वळणं उलटी बसली तर मशीन एका बाजूला ओढतं, आणि हा गोंधळ सीलच्या गळतीपेक्षा जास्त डोकं खातो.

हब निघाल्यावर तिथे काय गुंडाळलंय ते बघा. खताच्या गोणीचा पांढरा धागा, नायलॉनची दोरी, बागेत ठिबकची नळी किंवा मल्चिंगचा कागद हबच्या मागे घट्ट पिळून बसलेला असतो, घर्षणाने वितळून प्लास्टिकचं कडं झालेलं असतं. ते कडं सरकत सरकत बाहेरच्या लिपखाली शिरतं. कटरने कापून, तुकडे ओढून काढा. शाफ्टवर पातं चालवू नका.

लॉक असेल तर लॉकच्या पक्कडीने काढा. मग सीलच्या पत्र्याच्या तोंडावर समोरासमोर दोन ठिकाणी ३ मिलिमीटरच्या ड्रिलने भोकं पाडा. ड्रिलच्या टोकाला ग्रीस लावा, म्हणजे कीस त्यालाच चिकटतो. पत्रा पार झाला की लगेच थांबा, मागे बेअरिंग आहे. दोन्ही भोकांत पत्र्याचे स्क्रू पिळा आणि पक्कडीने आलटून पालटून ओढा. सील सरळ बाहेर येतं. स्क्रू ड्रायव्हर शाफ्टच्या बाजूने घालून उचकटण्याची पद्धत सगळीकडे दिसते, आणि शाफ्टवरचे उभे ओरखडेही सगळीकडे दिसतात. लांबीच्या दिशेने पडलेला एक ओरखडा म्हणजे ऑइलला तयार पाट.

शाफ्टवर चर पडली आहे. शाफ्टच बदलावा लागेल का?

सहसा नाही. चरीच्या खोलीप्रमाणे चार वाटा आहेत.

नुसता चकचकीत पट्टा आहे, नख अडकत नाही: ४०० आणि मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरची पट्टी ऑइल लावून शाफ्टभोवती गोल फिरवा. लांबीच्या दिशेने घासू नका.

नख अडतं, पण चर एकच आणि अरुंद आहे: नवीन लिप दुसऱ्या जागी बसवा. हाऊसिंगमध्ये जागा असेल तर सील २-३ मिलिमीटर कमी आत ठोका. किंवा १० ऐवजी ७ जाडीचं सील घेऊन मागे ३ मिलिमीटरची रिंग टाका. सगळ्यात स्वस्त आणि खेड्यात सहज जमणारी वाट हीच. मात्र सील लॉकच्या खाचेवर येत नाही ना, आणि मागच्या बेअरिंगला टेकत नाही ना, हे आधी मोजा.

चर खोल आहे: पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची तयार पोलादी स्लीव्ह शाफ्टवर चढवता येते. त्यावर तेच जुन्या मापाचं सील चालतं. शाफ्टच्या मापाची स्लीव्ह मिळायला हवी आणि ती एकदाच, सरळ, सोबतच्या टोपीने ठोकायची असते. अर्ध्यावर वाकली की गेली.

शाफ्टला गंजाचे खड्डे पडलेत: टर्नरकडे जा. तो भाग लेथवर उतरवून त्यावर बुश चढवायचा आणि पुन्हा मूळ मापाला आणायचा. टर्नरला तीन गोष्टी सांगा. बुशचा कठीणपणा ४५ एचआरसीच्या (पोलादाचा कठीणपणा मोजायचं माप) आसपास हवा, मऊ लोखंड एका हंगामात पुन्हा चरतं. लेथच्या पात्याची नुसती फिनिश नको, कारण त्यात आट्यांसारखी बारीक सर्पिल रेघ राहते आणि फिरताना ती ऑइल बाहेर पंप करते. शेवटचा हात ग्राइंडरचा, तोही शाफ्ट लांबीला न सरकवता. आणि आरशासारखी चकाकीही नको. खडबडीतपणा ०.२ ते ०.८ मायक्रॉन असेल तर ऑइलचा थर धरून राहतो, त्याहून गुळगुळीत झाला तर लिप कोरडी पडते.

शाफ्टवर वेल्डिंग भरून टर्निंग करण्याचा सल्ला बरेच जण देतात. रोटरीच्या शाफ्टवर खडे, मुळं, बांधाची धडक यांचे झटके बसतात, आणि वेल्डच्या कडेला तडा जाऊन शाफ्ट तिथेच तुटू शकतो. नाइलाज असेल तरच.

नवीन सील बसवण्याची बरोबर पद्धत?

१. हाऊसिंगचं भोक कापडाने पुसा. कडेला बर (धातूची उभी राहिलेली धार) असेल तर बारीक कानशीने काढा. जुन्या गोंदाचा थर राहू देऊ नका.

२. सीलची दिशा ठरवा: स्प्रिंग दिसते ती बाजू ऑइलकडे. हा नियम पाठच करा.

३. दोन लिपच्या मधल्या पोकळीत ग्रीस भरा, पण अर्धी ते दोन तृतीयांशच. गच्च भरलं तर तापल्यावर लिप उचलली जाते. स्प्रिंगच्या खोबणीतही थोडं ग्रीस थापा, म्हणजे ठोकताना स्प्रिंग उडत नाही. मुख्य लिपला गिअरबॉक्समध्ये घालणार तेच ऑइल लावा.

४. शाफ्टच्या स्प्लाइनवर आणि गाळ्यावर पातळ प्लास्टिक गुंडाळा. कोल्ड्रिंकच्या बाटलीचा कापलेला तुकडा नरसाळ्यासारखा वळवून घातला तर उत्तम काम होतं. सेलोटेपही चालते, फक्त नंतर तिचा तुकडा आत राहू देऊ नका.

५. बाहेरून रबर असलेल्या सीलच्या कडेला फक्त ऑइलचं बोट. बाहेरून पत्रा असेल तर कडेवर ॲनाबॉन्डचा (गळती बुजवणाऱ्या गोंदाचा) अगदी पातळ थर, तोही बाहेरच्या अर्ध्या भागावर. लिपला लागला तर पुसून भागणार नाही, दुसरं सील घ्या.

६. सील हाताने सरळ टेकवा. सीलच्या बाहेरच्या व्यासापेक्षा १-२ मिलिमीटर लहान पाइपचा तुकडा किंवा मोठा सॉकेट त्यावर ठेवून, वर लाकडाचा ठोकळा धरून हलके ठोके द्या. हातोडा थेट सीलवर मारून एक कड आत, मग दुसरी कड आत, असं करू नका. त्याने आतला पत्रा वाकतो.

७. बसल्यावर व्हर्नियरच्या शेपटीने चार बाजूंनी खोली मोजा. चारही आकडे पाव मिलिमीटरच्या आत सारखे हवेत. रबरी कडेचं सील ठोकल्यावर किंचित मागे येतं, म्हणून शेवटी काही सेकंद दाबून धरा.

ऑइल भरून अर्धा तास नुसतं ठेवा, मग पाती न लावता दहा मिनिटं चालवा. पहिल्या तासात किंचित ओल दिसली तर घाबरू नका, लिप बसते आहे. डावं-उजवं दोन्ही सील एकदमच बदला. दोघांनी सारखाच चिखल खाल्लेला असतो.

आमच्या मशीनमध्ये एकामागे एक दोन सील निघाली, आणि बाहेरचं उलटं होतं. चुकीचं बसवलं होतं का?

नाही, ते मुद्दाम तसं असतं. आतलं सील ऑइलकडे तोंड करून ऑइल अडवतं, बाहेरचं चिखलाकडे तोंड करून पाणी अडवतं, आणि मधल्या जागेत ग्रीस असतं. काढताना मोबाईलवर फोटो घ्या आणि तसंच परत बसवा. मध्ये ग्रीस निपल असेल तर चिखलणीच्या दिवसांत रोज संध्याकाळी गनचे एक-दोन हलके दाब पुरे. जोर लावून भरत गेलात तर गनचा दाब सीललाच बाहेर ढकलतो, साध्या सीलचा कस ०.३ बारच्या आसपासच असतो.

काही मशीनमध्ये रबराऐवजी चकचकीत लोखंडी रिंगांची जोडी आणि त्यामागे जाड रबरी रिंगा निघतात. ते फ्लोटिंग सील. त्याला ही पद्धत लागू नाही. ते जोडीनेच बदलतात, आणि त्यांच्या घासणाऱ्या तोंडांना बोटही लावत नाहीत.

गळती थांबावी म्हणून गिअरबॉक्समध्ये ग्रीस भरलं तर?

गळती कमी होईल, गिअरबॉक्स मात्र जाईल. ग्रीस गिअरच्या दातांनी बाजूला सारलं की परत वाहून येत नाही, गिअर आपल्यापुरती वाट करून कोरडे फिरतात आणि वरच्या बेअरिंगला काहीच मिळत नाही. मॅन्युअलमध्ये ९० नंबरचं गिअर ऑइल सांगितलं असेल तर तेच घाला. लहान वीडरमध्ये पितळी किंवा कांशाचं वर्म चाक असेल तर जीएल-५ टाळून जीएल-४ घ्या (हे गिअर ऑइलचे दर्जे, डब्यावर छापलेले असतात). जीएल-५ मधली गंधकयुक्त द्रव्यं पिवळ्या धातूला खाऊ शकतात.

बाटलीतली ‘गळती थांबवा’ औषधं रबर फुगवतात. कडक झालेल्या लिपला त्याने एखादा हंगाम मिळतो. चर पडलेल्या शाफ्टला किंवा ढिल्या बेअरिंगला काहीच मिळत नाही.

इंजिनाच्या क्रँकचं सील गळतंय, बेल्ट ऑइलने भिजतो. लगेच बदलू का?

आधी इंजिन ऑइलची पातळी आणि इंजिनाचा ब्रीदर बघा. फोर-स्ट्रोक इंजिनात ब्रीदरची झडप अडकली की क्रँककेसमध्ये दाब साठतो आणि चांगलं सीलही ऑइल ओकतं. ब्रीदर साफ करूनही गळत असेल तर पुली पुलरने काढून सील बदला. पुलीवर किंवा फ्लायव्हीलवर हातोडा मारू नका. भिजलेला बेल्ट पुसून परत लावला तर घसरतच राहतो, तो बदलाच.

टू-स्ट्रोक वीडरमध्ये चिन्हं वेगळी असतात. तिथे क्रँकच्या सीलमधून हवा आत शिरते. रेस आपोआप वाढते, चोक थोडा ओढला की इंजिन सुधारतं, आणि मिश्रण पातळ झाल्यामुळे पिस्टन तापतो. असं मशीन ‘अजून चाललंय ना’ म्हणून चालवू नका, पिस्टन चिकटतो. चांगल्या मेकॅनिककडे क्रँककेस बंद करून हाताच्या पंपाने अर्धा बार दाब भरून बघतात. दाब उतरला आणि सीलजवळ साबणाचे बुडबुडे आले की निदान पक्कं.

चिखलणी संपली, आता टिलर पुढच्या जूनपर्यंत उभा. सीलसाठी काय करायचं?

मशीन धुताना प्रेशर पंपाची धार सीलवर सरळ मारू नका. लिप आतल्या दाबासाठी असते, त्या धारेसाठी नाही. धुतल्यावर हब एकदा काढून धागे साफ करा. गिअरबॉक्सचं ऑइल पुढच्या वर्षी नव्हे, आत्ताच बदला. पाणी मिसळलेल्या ऑइलवर आठ-नऊ महिने उभं राहिलं तर लिपच्या खालीच शाफ्टला गंजाची रेघ येते, आणि जूनमध्ये पहिल्याच फेरीत ती रेघ लिप कापते. महिन्यातून एकदा चाक आणि रोटरी हाताने चार-सहा फेरे फिरवा, म्हणजे लिपला ऑइल लागतं आणि ती एका जागी चिकटत नाही. काढलेलं ऑइल खाचरात किंवा विहिरीजवळ ओतू नका. डब्यात भरून गॅरेजवर द्या.

दोन-चार सीलं आणून घरात ठेवली तर?

ठेवा, पाकिटातच, कपाटात, अंधारात, आडवी. नायट्राइल रबर नीट ठेवलं तर साधारण ७ वर्षं चांगलं राहतं. खिळ्याला किंवा तारेत ओवून टांगलेलं सील दुकानातूनही घेऊ नका. ज्या जागी ते तारेवर टेकलेलं असतं, तिथे लिप कायमची चपटी होते. घेताना लिप बोटाने वाकवून सोडा. लगेच मागे आली पाहिजे, तिच्यावर भेगा दिसता कामा नयेत आणि स्प्रिंग सगळीकडे सारखी बसलेली हवी.

परदेशात जुना अमेरिकन टिलर घेतलाय, भारतातून सील मागवता येईल का?

माप आधी नीट घ्या. जुन्या अमेरिकन मशीनचे शाफ्ट बहुधा इंचात असतात. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि त्यावर २५ चं सील चढतंही, पण हाऊसिंगच्या भोकाला मिलिमीटरचं सील क्वचितच जुळतं. दीड इंचाचं भोक म्हणजे ३८.१ मिलिमीटर. त्यात बाहेरून ३८ चं सील ढिलं बसतं आणि कडेने गळतं. शाफ्ट, भोक आणि जाडी ही तिन्ही मापं हजारांश इंचात लिहून तिथल्याच बेअरिंगच्या दुकानात जा.